स्वयंपाकघराच्या खिडकीवरचं पोट

अक्काचं पोट स्वयंपाकघराच्या खिडकीवर चिकटवलेलं होतं. म्हणजे पोटाचा फोटो. काळी, निळसर झाक असलेली मोठी फिल्म, कोपऱ्यांना चिकटपट्टी. सकाळी काचेवर ऊन आलं की कण्याचे मणके एकाखाली एक उजळून निघायचे आणि त्यांच्या तळाशी कमरेचं हाड परातीसारखं पसरलेलं दिसायचं. दूध तापवताना, भाजी चिरताना, भांडी घासताना ज्याला त्याला अक्काची आतडी दिसत. नव्याने आलेल्या माणसाला वाटे, या घरात कोणी डॉक्टर असावं. मग अक्काचा भाऊ हसून सांगे, "ते आमच्या अक्काचं दुखणं. शोधा बरं कुठे आहे ते! आम्हांला तर नाही सापडलं."

पाहुणे हसत. अक्का त्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत असे.

हा भाऊ हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. सगळा मोहल्ला त्याला 'हलूनका' म्हणे. यंत्राशेजारच्या जाड आडोशामागे उभा राहून तो असा काही ओरडायचा, "श्वास घ्या! धरा! हलू नका!" की बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा श्वास धरून बसत. बाजारात कोणी हाक मारली, "काय हलूनका, आज मटार का?" तर तो रागवत नसे, उलट मान ताठ करी. त्याच्या लेखी माणसं दोन जातीची होती. एक खरी, एक नाटकी. दारातून माणूस आत आला की पाऊल कसं टाकतो यावरून आपण ओळखतो, असं तो सांगायचा. बरेचदा त्याचं बरोबर निघे, आणि तेच वाईट होतं. बरोबर येण्याची चटक लागलेल्या माणसाला मग समोरचा माणूस दिसेनासा होतो.

अक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि अक्काच्या अजून दोन वेण्या होत्या. वडील असून नसल्यासारखे. अक्का त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात लागली. वाफेच्या रुळांतून ओल्या चादरी सरकवायच्या आणि पलीकडून कडक झालेल्या ओढून घ्यायच्या, हे तिचं काम. रूळ सुरू असताना जागा सोडायची नाही, असा तिथला कायदा. संडास अंगणापलीकडे. जाऊन येईपर्यंत चादर करपायची आणि मुकादमीण सगळ्यांसमोर विचारायची, "काय गं, तुझं पोट काय राणीचं आहे?" म्हणून तिथल्या बायका कळ दाबून धरत. अक्कानेही धरली. दिवसभर धरायची, वर्षानुवर्षं धरायची. पोटाला आवळून ठेवायची सवय तिने लावली आणि पुढे पोटाने ती सवय सोडलीच नाही.

त्या वाफेवर तिने भावाला वाढवलं, शिकवलं आणि मेट्रनबाईंच्या दारात उभं राहून एक्स-रेच्या शिक्षणाला चिकटवलं. तिचं लग्न राहून गेलं. राहून गेलं, असंच सगळे म्हणतात. कुणामुळे, ते कोणी म्हणत नाही. हात थकल्यावर ती भावाच्या घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला आली आणि तिथून तिचं दुखणं सुरू झालं.

दुखणं मोठं विचित्र. यायचं ते डाव्या कुशीतून पीळ घालत यायचं. पोट वर वर चढून फासळ्यांना भिडायचं, वारा सरायचा नाही, शौचाला व्हायचं नाही, श्वास अर्ध्यावर अडायचा. एक-दोन दिवस असा छळ झाला की अचानक आत गुरगुरायचं आणि कोणी बूच काढल्यासारखं सगळं मोकळं व्हायचं. मग अक्का मेल्यासारखी झोपायची आणि उठून भांडी घासायला लागायची. येणारं-जाणारं दुखणं घरात फार बदनाम होतं. कायमच्या आजाऱ्याला निदान अंथरूण तरी मिळतं. अक्काचं दुखणं कोणी बघायला यावं तेव्हा नेमकं गेलेलं असायचं.

खिडकीवरचा तो फोटोही असाच निघाला. आठवड्याच्या मधल्या वारी ती कळवळत होती. भाऊ म्हणाला, "रविवारी ये. रविवारी मशीन मोकळं असतं. रांगेत घरची माणसं घुसवली की लोक नावं ठेवतात." रविवार उजाडेपर्यंत पीळ सुटून गेला होता. टेबलावर झोपताना अक्काने सांगितलंही, "अरे, आता नाही दुखत."

"आलीच आहेस तर झोप. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

त्या दिवशीच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला, जांभई दिली आणि म्हणाला, "काही नाही. मळ साठलाय थोडा." झालं. त्या संध्याकाळी फिल्म खिडकीवर चढली. त्यानंतर अक्काच्या तोंडून "आई गं" निघालं की भाऊ हातातला घास न थांबवता खिडकीकडे बोट करायचा. "फोटो बोलतो. तू बोलू नकोस."

भावजयही तेच शिकली. बाई तशी दुष्ट नव्हती, पण घरात ज्याची चेष्टा चालते त्याची आपणही केली की आपली पाळी येत नाही, हे तिला कळलेलं होतं. ती म्हणे, "अक्का, फोटोत नाही ते दुखणं माझ्याच डोक्यावर का हो?"

अक्काला औषध नको होतं, सेवा नको होती. कोणीतरी एकदा तिच्या तोंडाकडे बघून "दुखतंय ना गं?" म्हणावं, एवढंच हवं होतं. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना ती तेवढंच मागायची. बरं कर, असं म्हणायचं धाडस तिला होत नसे.

त्या शुक्रवारी भावजयीची बहीण आपल्या माणसांना घेऊन जेवायला यायची होती. सकाळपासून अक्काच्या पोटाने डोकं वर काढलं होतं. पाटावर बसली तर वाकता येईना. बटाटे तिच्या हातातून सुटून घरभर गडगडले.

भावजय म्हणाली, "पाहुणे आले की बरं दुखतं तुमचं! गेल्या खेपेलाही असंच."

"अगं, या वेळचं निराळं आहे. आत काहीतरी अडकलंय."

"काम अडकलंय, अक्का. तेवढं सोडवा."

दुपारी पंगत बसली. अक्का भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या साडीवरून पोटाचा गोळा, तोही डावीकडून उजवीकडे तिरका चढलेला, लांबूनही दिसत होता. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "अक्कांची तब्येत छान सुधारलीय!" भाऊ हात धुऊन उठला, अक्काजवळ गेला आणि त्याने तिच्या पोटावर दोन बोटांनी टिचक्या मारल्या. पोट टणटण वाजलं. अगदी रिकाम्या पिंपासारखं.

"वा! धरा ताल!" तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. कोणीतरी ताटावर चमचा वाजवून साथ दिली. अक्काही हसली, कारण न हसणाऱ्या माणसाची आणखी चेष्टा होते. तो आवाज म्हणजेच दुखण्याचं लक्षण होतं आणि ते लक्षण ज्याच्या बोटाखाली वाजलं, त्याने त्याचं गाणं केलं.

पाहुणे गेल्यावर भावाने तिला एरंडेल पाजलं, वर गरम पाणी. "सकाळी बघ कशी फुलासारखी होशील." अडकलेल्या नळात वरून पाणी सोडावं तसं झालं ते. सकाळपर्यंत अक्का ओकून ओकून रिकामी झाली होती, पण पोट आणखी टम्म. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. भाऊ कामावर निघाला, पायांत बूट चढवत होता, तेव्हा ती भिंत धरत दारापर्यंत आली.

"मला आज घेऊन चल."

"आज शनिवार. उद्या रविवार आहे, उद्या आरामात काढू."

"उद्यापर्यंत एक तर पोट सुटेल, नाहीतर मी सुटेन."

"बघ! जोक सुचतायत." त्याने बुटाची नाडी ओढली. "बोलायला येतंय ना? मग काही झालेलं नाही. माझ्याकडे खरी माणसं येतात ती बोलत नाहीत."

त्याच्या बुटाची नाडी बांधायला अक्कानेच शिकवली होती. तिने त्या गाठीकडे पाहिलं.

भावजय बाजारात गेली. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरची शिवणवाली उशांचे अभ्रे द्यायला आली. तिची जीभ म्हणजे चालती कात्री, पण हात मऊ. तिने अक्काला बघितलं आणि अभ्रे तिथेच टाकले.

"अगंबाई! हे काय पोट म्हणायचं? शिवणच उसवायची बाकी राहिलीय. घरातले कुठे उलथलेत?"

"भाऊ म्हणाला, उद्या."

"उद्याला घाला चुलीत. चपला घाल. नको, मीच घालते."

टॅक्सीत अक्का सारखी एकच गोष्ट घोकत होती. तिथे जाऊन पुन्हा सुटलं तर? पुन्हा फोटोत काही नाहीच दिसलं तर? देवा, आजच्या दिवस दुखू दे. नीट दुखू दे. बरं व्हायची वेळ येईल तेव्हा येईल, पण फोटो निघेपर्यंत हे जाऊ देऊ नकोस. माणसाने देवाकडे आपल्याच वेदनेची भीक मागावी, अशी पाळी घरच्यांनी तिच्यावर आणली होती. देवाने तेवढं ऐकलं.

हॉस्पिटलात एक सर्जनबाई होत्या. त्यांनी पोटाला हात लावला, कान लावून ऐकलं, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहिली. एक फोटो उभ्याने, एक झोपून. ताबडतोब.

एक्स-रेच्या दाराशी रांग होती. चिठ्ठीवर 'ताबडतोब' असल्याने अक्काला पुढे घेतलं. भावाची कामाची पद्धत अशी, की चिठ्ठी बघायची आणि शरीराचा तो भाग बघायचा, तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की माणूस गोष्टी सांगत बसतो, असं तो म्हणायचा.

"पुढचे या. पिना, साखळ्या काढा. पाठ फळ्याला लावा. हात वर." एवढं बोलून त्याने नाव वाचलं आणि मान वर केली. "तू?"

"चिठ्ठी आहे," अक्का म्हणाली.

"घरचा तमाशा पुरला नाही? इथे लोकांत माझी शोभा करायला आलीस?"

"आज शनिवार आहे, माहीत आहे मला. तू नाही घुसवलंस, चिठ्ठीने पुढे घेतलंय."

बाहेर माणसं होती. दात आवळून त्याने फळा वर-खाली केला, तिचे खांदे मागे दाबले आणि आडोशामागे गेला. उभं राहिल्यावर आतलं पाणी एकीकडे आणि हवा दुसरीकडे झाल्यासारखं तिला जाणवत होतं. धरायला काही नव्हतं. तेवढ्यात आडोशामागून आवाज आला.

"श्वास घ्या! धरा! हलू नका!"

जन्मात त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आज केलं, तेही परक्या बाईला करावं तसं. अक्का हलली नाही. आयुष्यभर ती एका जागी उभीच होती. आणखी एक क्षण उभं राहणं तिला काही जड नव्हतं.

मग झोपून दुसरा फोटो झाला आणि तिला ढकलगाडीवर घालून भिंतीला लावलं. शिवणवाली पायाशी उभी राहिली. सर्जनबाई येऊन उभ्या होत्या. अंधाऱ्या खोलीतून भाऊ ओली फिल्म टोकांना धरून बाहेर आला, दिव्याच्या पांढऱ्या पेटीवर त्याने ती अडकवली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"अहाहा! काय फोटो आलाय, बाई! पुस्तकात छापावा असा!"

खूप वर्षांची सवय ती. चांगला फोटो आला की तो असंच म्हणायचा. म्हटल्यावर त्याला ऐकू आलं, आपण काय म्हटलं ते. ढकलगाडीवरच्या अक्काला त्याआधीच ऐकू आलं होतं.

शिवणवालीने विचारलं, "म्हणजे काय आहे ते आम्हांला सांगा की!"

सर्जनबाईंनी ढकलगाडी पेटीच्या जवळ ओढायला लावली. अक्काला दिसलं. सगळं पोट व्यापून एक भलीमोठी काळी आकृती बसली होती. "ही कॉफीची बी कशी असते, मधे चीर असलेली? तशी दिसतेय ना?" बाईंनी बोट फिरवलं. "हे तुमचं मोठं आतडं. शेवटचा भाग. वर्षानुवर्षं कोंडून तो लांब आणि सैल झाला आणि आता स्वतःभोवतीच फिरलाय. सायकलची ट्यूब दुमडून तिची दोन्ही टोकं एकत्र पिळली तर मधला भाग फुगेल की नाही? ही मधली पांढरी रेघ म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन भिंती. ती बघा कशी खाली उतरतेय, पीळ तिथे आहे. आणि त्याच्या खाली हवाच नाही. म्हणून वारा सरत नाही. उभ्या फोटोत आतलं पाणी असं सपाट दिसतं, थांबलेल्या डबक्यासारखं."

अक्का फिल्मकडे बघत राहिली. आपलं दुखणं इतकं मोठं असेल, असं तिलाही वाटलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि त्याच वेळी, देव क्षमा करो, आनंदही झाला.

"आधीचा फोटो अगदी स्वच्छ होता," भाऊ घाईने म्हणाला. "मी स्वतः काढला होता. घरी आहे."

"तेव्हा पोट दुखत होतं?"

भावाने पेटीवरची फिल्म उगाच सरळ केली.

"नव्हतं दुखत," अक्का म्हणाली. "रविवार होता."

बाईंना रविवारचा अर्थ कळला नाही, पण बाकीचं कळलं. "हा पीळ पडतो आणि कधी कधी आपला आपण सुटतो. सुटल्यावर काढलेल्या फोटोत काय दिसणार? फोटो त्या घटकेचा असतो. तुम्हांला हे मी सांगायला हवं?" आवाज चढवला नाही त्यांनी. कपाळाला आठी घालून पुढच्या कामाला लागल्या.

आधी खालून नळी घालून पीळ सोडवायचा प्रयत्न झाला. नळी गेली, हवा फुसफुसत बाहेर आली, शिवणवालीने तोंडाला पदर लावला. पण सोबत जे पाणी आलं ते काळपट लाल होतं. आतलं अस्तर मरायला लागलं होतं. बाई म्हणाल्या, "उघडावंच लागेल. कालच्या दुपारी आला असतात तर कदाचित नळीवर भागलं असतं."

कालची दुपार. ताटावर चमच्याचा ताल धरला होता, ती.

सहीसाठी कागद आला तेव्हा भावाने पेन उघडलं. अक्काने हात पुढे केला. "इकडे दे. मला अजून बोलायला येतंय, सहीही येते."

अक्का वाचली. हातभर आतडं कापून टाकावं लागलं आणि पोटावर डाव्या अंगाला भोक ठेवून त्याला पिशवी लावली गेली. पुढेमागे जोडता येईल, बाई म्हणाल्या, पण या वयात घाई नको. दवाखान्यात असताना तिचा फोटो शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ठेवून घेतला गेला आणि भावाने आपल्यासाठी त्याची एक प्रत काढून आणली. का आणली, त्यालाही सांगता आलं नसतं. खात्यात तो लोकांना सांगत होता, "आमच्या अक्काचा. असा फोटो दहा वर्षांत एखादा." सांगताना आधी त्याचा आवाज अभिमानाचा असे आणि शेवटी फाटल्यासारखा होई.

अक्का घरी आली. भावजय पिशवी बदलायला शिकली, पण नाकाला रुमाल बांधूनच. एकदा दाराआड बहिणीला सांगताना तिचा आवाज अक्काने ऐकला, "अगं, पूर्वी निदान बोलायच्या तरी. आता नुसत्या बघतात." ते खरं होतं.

पहिल्याच सकाळी भाऊ खिडकीवरची जुनी फिल्म काढायला गेला. नखाने चिकटपट्टी खरवडत होता.

"राहू दे," अक्का म्हणाली.

"कशाला आता? काढतो ना."

"राहू दे म्हटलं ना! नवा आणलायस ना तू? तोही लाव शेजारी."

"अक्का, लोक येतात घरात..."

"आधीही येत होते."

त्याने लावला. तेव्हापासून त्या खिडकीवर दोन पोटं झाली. एक रिकामं, एक काळ्या बीने भरलेलं. पाहुणे आले की विचारत, आणि भाऊ पाणी द्यायच्या निमित्ताने माठाकडे वळे. कोणी फारच खोदलं तर अक्का म्हणे, "डावीकडचं नाटक, उजवीकडचं खरं. दोन्ही माझीच." पाहुणे हसायचे थांबत.

भावाच्या मनात मात्र भीती बसली. आता तो रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत येतो, दारात उभा राहतो, तिच्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "अक्का, दुखतंय का गं?" ज्या प्रश्नासाठी तिने वर्षं काढली, देवापुढे दिवे लावले, तोच प्रश्न, अगदी तसाच मऊ आवाजात. आता तिने नुसतं हो म्हणावं, तो सगळी कामं टाकून तिला उचलून नेईल. शनिवार असो, रांग असो.

अक्का चहा घेते. फुंकर घालते. खिडकीकडे बघते.

"फोटो काढ," ती म्हणते. "मग कळेल."

तो उभाच राहतो. पुन्हा विचारतो, कधी डोळ्यांत पाणी आणून विचारतो. ती कपातला शेवटचा घोट संपवते, कप त्याच्या हातात देते आणि भिंतीकडे वळते. परवा असं वळताना तिने डाव्या कुशीवर हात दाबून धरलेला त्याला दिसला. दुखत होतं की नुसतीच सवय, ते तिने सांगितलं नाही. ते देवाला ठाऊक आणि तिला.